कुठलीही गिटार चालते म्हणे

गिटार सिंथचा, म्हणजे गिटारच्या तारा छेडून बासरी-ऑर्गनसारखे भलतेच आवाज काढणाऱ्या डब्याचा, किंवा मॉडेलिंगचा, म्हणजे एका गिटारीतून दुसऱ्या गिटारीचा आवाज काढण्याचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "अरे त्यात गिटारचा स्वतःचा आवाज येतोच कुठे, सगळं त्या डब्यातून येतं, कुठलीही गिटार चालते." हे वाक्य म्हणणाऱ्याकडे कधीच एक गिटार नसते बरं का. भिंतीवर ओळीने टांगलेल्या असतात आणि पुढच्या दोन-तीनचे फोटो फोनमध्ये सेव्ह असतात.

तसं वाक्यात काही चूक नाही. साध्या इलेक्ट्रिक गिटारीत लाकूड, पिकअप (तारेचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग), नट आणि सॅडल (तार दोन टोकांना जिथे टेकते ते आधार) सगळं थोडंफार आवाजात उतरतं म्हणून लोक त्यावरून भांडतात, महोगनीचं लाकूड की अल्डरचं, सिंगल कॉइल पिकअप की हमबकर पिकअप, रात्र संपते पण भांडण संपत नाही. पण एकदा बासरीचा पॅच, म्हणजे डब्यातला तयार आवाज, लावला की महोगनीवर वाजवलेली बासरी आणि अल्डरवर वाजवलेली बासरी यात काय डोंबलाचा फरक. भांडणाचे सगळे मुद्दे एका बटणात खलास. आणि खरा ताप इथूनच सुरू होतो, कारण आवाज बाजूला काढला की गिटारमध्ये ज्या गोष्टी शिल्लक राहतात त्या सगळ्या कटकटीच्या असतात. नेक सरळ आहे का, फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, एका पातळीत आहेत का, ब्रिजपाशी, म्हणजे तारा बॉडीवर जिथे बसतात तिथे, जागा किती आहे, एक तार छेडली की शेजारची उगाच हलते का. "काय गोड वाजते रे" असं म्हणून गिटार निवडता येत नाही, तिची तब्येत तपासावी लागते.

थोडं यंत्राबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं रडगाणं कळणार नाही. साधा पिकअप सहाही तारांचा आवाज एकत्र करून एका वायरीतून पाठवतो. सिंथच्या डब्याला ते चालत नाही, त्याला प्रत्येक तार वेगळी हवी, म्हणून एका बारीक पट्टीत सहा इवले पिकअप बसवलेले असतात, त्याला हेक्साफोनिक पिकअप म्हणतात, आणि रोलँड कंपनीच्या जीके पद्धतीत तिथून 13 पिनांची जाडजूड वायर निघते. ही वायर अनेक वर्षं सगळ्यांनी पायात घेतली, 2023 मध्ये जीके-5 आल्यावर त्यात साध्या जॅकची डिजिटल वायर आली. बरं, हे सहा आवाज आत गेले की दोन रस्ते असतात. मॉडेलिंगवाला डबा तारेचं कंपन जसं आहे तसं घेतो आणि हीच तार दुसऱ्या बॉडीवर दुसऱ्या पिकअपखाली असती तर कशी वाजली असती याचं गणित करून देतो. त्याला सूर कोणता आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्यामुळे उशीर जाणवत नाही. मिडीवाला, म्हणजे कोणता सूर वाजला ते आकड्यांत कळवून आवाज काढणारा, सिंथ मात्र आधी विचारतो, हा सूर कोणता? आणि उत्तर मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही.

आता जाड ई तार सेकंदाला साधारण 82 वेळा हलते, म्हणजे तिची एक फेरी व्हायलाच 12 मिलिसेकंद लागतात, आणि निदान एक-दोन फेऱ्या बघितल्याशिवाय कुणाचा बाप सूर ओळखू शकत नाही, शिवाय पिक लागल्यावर सुरुवातीला जो खरखराट होतो त्यात तर सूर असा नसतोच. पातळ ई तार 330 वेळा हलते, तिची फेरी 3 मिलिसेकंदांत होते. म्हणजे वरच्या पट्टीत आपण एकदम चपळ आणि बेस वाजवायला गेलो की वरातीमागून घोडं. यावर उपाय म्हणजे एक सप्तक वर वाजवायचं आणि डब्याला सांगायचं की खाली उतरव. चालतं ते, पण डोळ्याला हात एकीकडे दिसतो आणि कानाला सूर दुसरीकडे येतो, त्याची सवय होईपर्यंत चक्कर आल्यासारखं होतं.

माझा एक मित्र कीबोर्ड वाजवतो. हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे मग सरळ कीबोर्ड का नाही वाजवत?" हा प्रश्न जगातल्या प्रत्येक गिटार सिंथवाल्याला विचारला गेलेला आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं, तार ओढून घेतलेली मींड, एका तारेवर घसरत जाणं, सहा तारांवर पसरलेले कॉर्डचे ते खास आकार जे पियानोवर कुणी त्या क्रमाने दाबत नाही. सगळं खरं आहे. पण मी हे उत्तर देत असताना त्याने एक की दाबली आणि आवाज आला. लगेच. काही न मोजता, काही न लावता. मी विषय बदलला.

तर निवड. सगळ्यात आधी अर्थात सगळ्यात देखणी गिटार पुढे आली, जाड बॉडी, वर फुगीर पॉलिश केलेलं लाकूड, दोन हमबकर. तिला वेगळा विकत मिळणारा हेक्साफोनिक पिकअप लावायचा होता. ही पट्टी ब्रिजच्या जेवढी जवळ तेवढी बरी, सॅडलपासून जेमतेम 2 सेंटीमीटरच्या आत, आणि शेवटचा फ्रेट दाबल्यावर तार आणि पट्टी यांच्यात साधारण 1 मिलिमीटर अंतर हवं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तिथे आधीपासून हमबकर आपल्या फ्रेमसकट पाय पसरून बसलेला असतो, उरलेल्या फटीत पट्टी सरकवायची, मग जाड ईखाली 1 मिलिमीटर साधला की पातळ ई पट्टीवर टेकते, ती सोडवली की मधली 'जी' तार लांब जाते. मग चकत्या घाला, काढा, परत घाला. त्यानंतर बॉडीवर बटणांचा एक ठोकळा बसवायचा असतो, स्क्रू मारा म्हणजे पॉलिशला भोकं, दुतर्फी टेप लावा म्हणजे ठोकळा कधी हातात येईल सांगता येत नाही. आणि एवढं झाल्यावर गिटारच्या स्वतःच्या जॅकमधून निघून त्या ठोकळ्यात शिरणारी एक आखूड वायर, कारण साधा आवाजही त्याच मोठ्या वायरीतून न्यायचा असतो. एवढी देखणी गिटार, सलाइन लावलेल्या पेशंटसारखी दिसायला लागली. मी ते सगळं उतरवून तिला परत टांगून ठेवली. ती तिथेच शोभते.

मग ट्रेमोलोवाली, म्हणजे दांडीने ब्रिज हलवून सूर वरखाली करता येतो ती. तिच्यावर माझा जीव आहे हे आधी सांगून टाकतो. पण तरंगत्या ब्रिजची गंमत अशी असते की एक तार ओढली की तिच्या ताणाने ब्रिज जरासा पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा हळूच उतरतात. साध्या रॉक सोलोमध्ये हे कुणाच्या कानाला लागत नाही. पण खाली ऑर्गनचा सूर धरून ठेवलाय आणि वर एक तार ओढली तर तो गंभीर ऑर्गन जिना उतरल्यासारखा खाली जातो. त्यात डब्याची क्रोमॅटिक सेटिंग चालू असेल, म्हणजे पियानोसारखे आवाज नीट अर्ध्या-अर्ध्या सुरावर बसावेत म्हणून जी देतात ती, तर ओढलेली तार गुळगुळीत वर न जाता टक, टक, टक करत पायऱ्या चढते. शिवाय मागच्या स्प्रिंगा. त्या स्वतः गातात आणि तारांनाही गायला लावतात, मग मी थांबलो तरी डबा थांबत नाही, कुठलीतरी तार किंचित हलत असते आणि त्याला वाटतं अजून काम चालू आहे. स्प्रिंगांखाली फोम कोंबला तेव्हा जरा शांतता झाली, पण मग ट्रेमोलो ठेवायचाच कशाला.

नायलॉनच्या तारांची गिटार हा मला फार सात्त्विक पर्याय वाटला होता. नायलॉन चुंबकाला कळत नाही म्हणून तिथे प्रत्येक सॅडलखाली पिएझो असतो, जो तारेचा दाब आणि कंपन थेट ओळखतो. अडचण एवढीच की तो तारेबरोबर बाकीचंही सगळं ओळखतो. कोपर बॉडीवर टेकलं, शर्टाचं बटण घासलं, बोटातली अंगठी लागली, प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक सूर असतो. मी नुसता खुर्चीत सरकलो तर चेलो वाजला. चांगला वाजला, मी वाजवतो त्यापेक्षा भावपूर्ण होता, पण मला तो नको होता.

असं काही झालं की मी जुन्या लोकांच्या करामती वाचत बसतो, बरं वाटतं. रोलँडचा पहिला गिटार सिंथ जीआर-500 आला 1977 मध्ये, तेव्हा कंपनी सरळ सोबत गिटारच द्यायची, म्हणजे कुठलीही चालते असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. 1980 चा जीआर-300, जो जॅझ गिटारवादक पॅट मेथिनीने वाजवून वाजवून अजरामर केला, त्यात मिडीबिडी काही नाही, मिडीच मुळात 1983 चं, त्यात तारेचं कंपन थेट ऑसिलेटरला, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या भागाला, हाकतं त्यामुळे तो तारेच्या मागे झटकन येतो, आणि म्हणून आजही लोक त्या निळ्या डब्यासाठी हळवे होतात. मग 1984 मध्ये जी-707 नावाची गिटार आली, तिच्या बॉडीपासून हेडस्टॉकपर्यंत नेकला समांतर एक दुसरा दांडा होता. शोभेचा नाही, नेक कमी हलावी, सूर नीट टिकावा, ट्रॅकिंग, म्हणजे डब्याचं सूर ओळखणं, चुकू नये म्हणून. आणि त्याच दशकात सिंथअॅक्स नावाचं वाद्य, जे गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थने वाजवलं, त्यात बोटं दाबायच्या तारा वेगळ्या आणि छेडायच्या तारा वेगळ्या, नेक बॉडीला भलत्याच कोनात, आणि स्वतःचा आवाज शून्य, नुसता कंट्रोलर. म्हणजे हुशार माणसांनी मनापासून विचार केला की सिंथसाठी सगळ्यात चांगली गिटार कुठली, आणि विचार करत करत ते अशा वस्तूपाशी पोचले जी गिटारच नाहीये. माझा कीबोर्डवाला मित्र हे ऐकून काहीही बोलला नाही, फक्त हसला, ते जास्त लागलं.

मॉडेलिंगच्या बाजूला जरा सुख आहे. 1995 मध्ये रोलँडचा व्हीजी-8 आला तेव्हापासून डब्यात गिटारी मिळतात, नंतर लाइन सिक्स कंपनीच्या व्हॅरिअॅक्स गिटारने गणित गिटारच्या पोटातच घातलं, पहिल्या मॉडेलवर तर वरून एकही पिकअप दिसत नव्हता, नुसती कोरी बॉडी. पण मला खरी भुरळ पडली ती आभासी ट्यूनिंगची. तारा आहेत तशाच ठेवायच्या आणि डबा आवाज खाली नेतो, ड्रॉप डी म्हणा, ओपन जी म्हणा, बटण दाबलं की झालं. हेडफोनमध्ये स्वर्ग. पण रात्री आवाज बारीक करून स्पीकरवर वाजवलं की खऱ्या तारांचा आवाजही कानाला येतो, तो त्याच्या जुन्या सुरात आणि स्पीकर नव्या सुरात, दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून इथे गिटार निवडायची कसोटी अशी की ती न जोडता जितकी मुकी तितकी चांगली. आयुष्यभर आपण गिटार कानाशी धरून "बघ, नुसती पण किती घुमते" असं म्हणत आलो, आणि आता दुकानात उभं राहून जी घुमत नाही ती शोधायची. दुकानदार पण एक भारी घुमणारी काढून देतो बिचारा आणि आपण नाक मुरडतो, त्याला कळतच नाही याचं काय बिनसलंय.

एवढं सगळं करून माझी आवडती ठरली ती कुणाच्याही नजरेत न भरणारी एक सपाट बॉडीची गिटार. पक्का ब्रिज, नेक सरळ, फ्रेट घासून एका पातळीत आणलेले, दहाच्या (म्हणजे सगळ्यात पातळ तार 0.010 इंचाची) तारा, ब्रिज आणि पिकअपच्या मधे ऐसपैस जागा. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे विचाराल तर बरा आहे, म्हणजे वाईट नाही, म्हणजे मी फारसा ऐकलेला नाही. पण ती मधे मधे बोलत नाही. मी जेवढे सूर वाजवतो तेवढेच डब्यात जातात, आणि यात एक तोटा असा की बोट उचलताना तार जराशी लागली तर तोही सूरच असतो, आणि तो ट्रम्पेटमध्ये वाजतो, आणि आता दोष द्यायला ना स्प्रिंगा आहेत ना पिएझो. मी बाही सरळ दंडापर्यंत वर चढवून बसायला लागलो.

मित्राला दाखवली. त्याने उलटसुलट बघितली, रंग बघितला, म्हणाला, "ही? अरे त्या देखण्या गिटारीला सोडून ही?" मी म्हटलं, हिचं ट्रॅकिंग बघ. त्याने एक तार छेडली, व्हायोलिन आलं, जरासं उशिरा. तो म्हणाला, "छान आहे," आणि परत हसला.

मग मी डब्यात तिची माहिती भरायला बसलो, सॅडलपासून पट्टीचं अंतर, प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी, जोरात छेडली तर मीटर कुठपर्यंत जातो, ही सेटिंग्ज नीट भरली तर निम्मे रोग तिथेच बरे होतात, लोक आळस करतात आणि गिटार बदलत बसतात. सगळं भरून सेव्ह करायला गेलो तर डब्याने विचारलं, कुठल्या गिटारखाली? एक नंबरची, दोन नंबरची, तीन नंबरची, यादी चांगली खालपर्यंत जाते. कुठलीही चालते म्हणणाऱ्यांनीच हे बनवलेलं असणार. मी एक नंबरवर सेव्ह केलं आणि दोन नंबरचं नाव काय ठेवता येईल ते बघत बसलो.