‘एक गुंठा बिनधास्त घ्या’ म्हणणाऱ्यांनी अध्यादेशातली तारीख वाचलेली नाही

रविवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. “अरे, टोकन देऊ का? 51 हजार मागतोय, उद्या दुपारपर्यंत म्हणतोय.” काका नाशिकच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले तेव्हाचे पैसे आहेत ते. गिरणारे रोडला आतल्या बाजूला एक गुंठा. इतके दिवस नाही म्हणत होती, पण व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला आणि तिला धीर आला. तोच मेसेज मला आठवड्याभरात चार ग्रुपवर आला होता आणि चारही वेळा मी सोडून दिला होता. ती माझी चूक.

मेसेज थोडक्यात असा: तुकडेबंदी कायदा, म्हणजे जमिनीचे ठरावीक आकाराहून लहान तुकडे विकायला बंदी करणारा, रद्द झाला, आता कुठेही एक गुंठा बिनधास्त घ्या. एनए (बिगरशेती परवानगी), लेआउट (प्लॉट नि रस्त्यांचा मंजूर नकाशा), बांधकाम परवानगी काही लागत नाही. नोटरीवर घेतलं असेल तरी सातबाऱ्याला नाव आपोआप लागतं. आणि शेवटी, नगररचनावाले नि आर्किटेक्ट सरकारला निवेदनं देऊन हे अडवायला बघतायत, कारण गरिबाचं घर झालं की त्यांची फी बुडते.

मी नगररचनाकार आहे आणि निवेदनं लिहिणाऱ्यांत मीही आहे. त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलतोच, पण आधी मावशीच्या पैशांचं.

‘कायदा रद्द झाला.’ नाही झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये जो अध्यादेश निघाला त्यात दोन तारखा आहेत: 15 नोव्हेंबर 1965 आणि 15 ऑक्टोबर 2024. या दोन तारखांच्या मधे झालेले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित होणार, तेही ज्या जमिनी नियोजनात निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा बिगरशेती वापरासाठी आहेत तिथलेच. मावशीचा व्यवहार उद्याचा. तो या दोन तारखांच्या मधे कुठल्याही बाजूने बसत नाही. उरलेला सगळा मेसेज खरा धरला तरी या एका तारखेवर तो तिच्यापुरता संपतो. महसूलमंत्र्यांनी जुलै 2025 मध्ये विधानसभेत घोषणा केली तेव्हाही बोलणं झालेल्या तुकड्यांबद्दल होतं, होणाऱ्या तुकड्यांबद्दल नव्हतं. मेसेज बनवणाऱ्याने तारीख काढून टाकली आणि ‘कुठेही’ हा शब्द घातला.

सोमवारी सकाळी मावशीला घेऊन जागेवर गेलो. द्राक्षबाग तोडलेली होती. वेलींचे खुंट अजून जमिनीत होते, आणि त्यांच्यावरून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. एजंटाने मोबाइलवर नकाशा दाखवला: एक एकरात 36 प्लॉट, प्रत्येकी 33 बाय 33 फूट. एकराचे 40 गुंठे, म्हणजे रस्त्याला उरले चार. टेप लावला तर रस्ता भरला 10 फूट. मी त्याला विचारलं, घंटागाडी आत आली तर वळणार कुठे? तो म्हणाला, “साहेब, एवढ्या लांब घंटागाडी येतच नाही.” मावशीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

हाच एकर रीतसर रेखांकन करून विकायचा असता तर काय झालं असतं ते सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीत 4000 चौरस मीटर ओलांडले की 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. म्हणजे चार गुंठे पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. आतला रस्ता 9 मीटरचा, जवळजवळ 30 फूट. इतकं सोडल्यावर 36 प्लॉट पडतच नाहीत. म्हणून तर लेआउट नको असतो. ती चार गुंठे खुली जागा आणि रस्त्याचे 20 फूट प्लॉट म्हणून विकले जातात. विकणारा पैसे घेऊन निघून जातो. आग लागली की बंब कोपऱ्यावर थांबतो, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी तिथले लोक नगरसेवकाकडे ड्रेनेज मागायला जातात तेव्हा पाइप टाकायलाही जागा नसते.

आणि ही जमीन मुळात ग्रीन झोनमध्ये (शेतीसाठी) आहे की यलोमध्ये (निवासी), ते एजंटाला विचारलं. “पुढच्या डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, यलो होतंय.” नाशकात जमीन पाहायला गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. आज यलो नसेल तर आज ते शेत आहे.

एनएबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. विकास आराखड्यात जिथे निवासी वापर ठरलेला आहे तिथे जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी एनए परवानगी मागावी लागत नाही. पण त्यासाठीचे पैसे सरकारला भरावे लागतात, आणि बांधकाम परवानगी 1966 च्या नगररचना कायद्यानुसार लागतेच. ती न घेता बांधलं तर त्याच कायद्याच्या कलम 53 ची नोटीस घराच्या दारावर येते, एजंटाच्या नाही. नोटरीचं म्हणाल तर नोटरीने मालकी मिळत नाही. जुन्या नोटरीवाल्यांनाही मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवूनच पुढे जायचं आहे.

आता निवेदनांचं.

जुन्या गुंठेवाल्यांना दिलासा मिळाला याला माझा विरोध नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबून ज्यांनी गुंठा घेतला, त्यांची नावं सातबाऱ्यावर मालक म्हणून नाही, तर वर्षानुवर्षं ‘इतर हक्कात’ पडून होती. वर ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ असा शेरा. बँक दारात उभी करत नव्हती. तो शेरा जाणार असेल तर चांगलंच आहे. शिवाय 1947 चा हा कायदा शेतीसाठी केलेला. शेतं इतकी बारीक होऊ नयेत की पिकवणं परवडणार नाही, हा त्याचा हेतू. शहराच्या कडेची वस्ती आवरायला तो वापरला गेला, हेच चुकीचं होतं. हे नगररचनावाल्यांनी फार आधी आणि मोठ्याने बोलायला हवं होतं. आम्ही बोललो नाही, तेही खरं.

पण आम्ही मागतोय काय? नियमित करताना रस्त्याचे पैसे कुठून येणार ते कायद्यात लिहा. 2017 मध्ये नियमित करून घ्यायला बाजारमूल्याच्या 25 टक्के होते, 2024 मध्ये 5 झाले, 2025 मध्ये शून्य. लोकांवर बोजा नको हे मान्य. मग ड्रेनेज, पाणी, दिवे यांचा खर्च राज्याने उचलायचा की महापालिकेने, तेवढं सांगा. दुसरी मागणी, कट-ऑफ तारीख पुन्हा सरकवू नका. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागा नियमित करणाऱ्या 2001 च्या गुंठेवारी कायद्यात तारीख 1 जानेवारी 2001 होती, 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 वर नेली. तारीख सरकते हे प्रत्येक एजंटाला पाठ आहे. त्यावरच तो आजचा प्लॉट विकतो: “आज ना उद्या रेग्युलर होतंच.” यात आमची फी कुठे आली?

आणि हे निवेदन देऊनच सांगावं लागतं, कारण दुसरी वाट नाही. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तरी नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. अध्यादेशाला तसलं काही नाही. सकाळी निघतो, लागू होतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि जमीनवापराचं नियमन ही पहिली दोन कामं महापालिकेच्या यादीत आहेत. नाशकात मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं प्रशासकच होते. आराखड्यावर बोलायला सभागृहच नव्हतं. मग आमदारांना पत्र लिहायचं नाही तर कुणाला?

मावशी परत येताना गाडीत म्हणाली, “पण सरकारनंच केलंय ना रे?” मी तिला त्या दोन तारखा कागदावर लिहून दिल्या. तिने तो कागद चष्म्याच्या डबीत ठेवला. एजंटाला तिनेच फोन केला: मंजूर लेआउटची प्रत आणि झोन दाखला दाखव, मग टोकन. त्याने “पाठवतो” म्हटलं. आज गुरुवार आहे, अजून काही आलेलं नाही, आणि 51 हजार मावशीच्या खात्यातच आहेत.