लिनक्सवर एक्सेल फाइल थेट वाचता येते, सीएसव्ही करत बसू नका

"लिनक्सवर आर वापरत असाल तर एक्सेलची फाइल थेट वाचता येत नाही. एक्सेल नसतं, जावा बसत नाही, तारखांचे आकडे होतात. विंडोजवर सीएसव्ही करून आणणंच सुरक्षित." कोल्हापुरातल्या संख्याशास्त्राच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हा मेसेज पुन्हापुन्हा येतो. (आर म्हणजे आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा, सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल.) त्यापायी पोरं पेनड्राइव्ह घेऊन कुणाचा तरी लॅपटॉप शोधत फिरतात, ते बघवत नाही.

एक्सेल लागतच नाही. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे झिप करून बांधलेलं एक्सएमएल फाइलींचं गाठोडं. टर्मिनलवर अनझिप करून बघा, प्रत्येक शीटची वेगळी फाइल दिसेल.

जावाचं म्हणणं आरच्या जुन्या पॅकेजपुरतं, म्हणजे आरला जोडायच्या जुन्या भरीपुरतं खरं आहे, आणि आरला जावाशी जोडणारं आरजावा बसवताना भल्याभल्यांचा दिवस जातो हेही खरं. पण 2015 मध्ये एक्सेल फाइल वाचणारं रीडएक्सएल हे पॅकेज आलं. त्याला ना जावा लागतं, ना पर्ल, आणि जुनी एक्सएलएस फाइलही ते वाचतं. उबंटूवर कंपाइल होईपर्यंत थांबायचं नसेल तर एपीटीने, म्हणजे उबंटूच्या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडने, तयार पॅकेज घ्या.

तारखांचं काय? रकान्यात मध्येच कुणी "नोंद नाही" लिहिलं असेल तर रीडएक्सएल सगळा रकाना मजकूर धरतं, आणि 1 जानेवारी 2016 च्या जागी 42370 दिसतं. एक्सेल तारीख आकड्यातच साठवतं. 30 डिसेंबर 1899 पासून तेवढे दिवस मोजले की तारीख परत हाती येते.

खरा धोका त्या "सुरक्षित" सीएसव्हीत आहे. एक्सेल त्यात एकच शीट टाकतं, तीही पडद्यावर दिसते तशी. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी घ्या. 38 फूट 9 इंच म्हणजे 38.75. रकान्यात दशांश लपवलेले असतील तर सीएसव्हीत 39 जातं, आणि 39 फूट ही इशारा पातळी! नदी इशाऱ्याखाली असताना तुमच्या तक्त्यात इशारा लागलेला. शिवाय साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. "पुलावर पाणी" हा शेरा मी तसा वाचला आहे, म्हणजे वाचताच आला नाही.

रीडएक्सएलमध्ये एक गोष्ट मात्र सांभाळा. ते पहिल्या 1000 ओळी बघून रकान्याचा प्रकार ठरवतं. जानेवारीपासून दर तासाची नोंद असेल तर शेऱ्याचा रकाना तिथवर रिकामाच असतो, आणि पुढे पावसाळ्यातले शेरे एनए, म्हणजे "माहिती नाही", होतात. रीडएक्सएल तशी सूचना दाखवतं, पण घाईत कोण वाचतो? त्या रकान्याचा प्रकार आधीच मजकूर म्हणून सांगून टाका.