वाळवंटी घळींतला मोठा कॅमेरा ही निव्वळ हौस नव्हे

अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावरच्या दुर्गम घळींची छायाचित्रे ४×५ इंची शीट फिल्मवर (एकेका चित्रासाठी सुट्या पानासारख्या येणाऱ्या फिल्मवर) काढणाऱ्यांबद्दल एक विधान सध्या सर्रास फिरते आहे. तिथला प्रकाशभेद फिल्मला पेलत नाही, डिजिटल चित्रे एकमेकांना जोडून तेच काम अधिक चांगले होते, लांब एक्स्पोजरला फिल्म निकामी ठरते, उन्हाने ती खराब होते आणि एवढे ओझे घेऊन आडवाटेला जाताच येत नाही. म्हणून हा सारा प्रकार जुन्याची हौस आहे, असा त्याचा आशय. विधान ठाम आहे, पण त्यातले बहुतेक मुद्दे घळीत प्रत्यक्ष उभे राहिल्यावर टिकत नाहीत.

प्रकाशभेदाच्या मुद्द्यात सर्व फिल्म एकाच मापाने मोजली आहे. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटे, पाहता येणारे चित्र उमटते) जेमतेम पाच-सहा स्टॉपचा फरक सांभाळते, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, हे खरे आहे, आणि वर उन्हाचा पट्टा व तळाशी गडद सावली अशा दहा-दहा स्टॉपच्या दृश्यात ती हरणारच. जाणकार छायाचित्रकार ती तिथे वापरतच नाही. आकाश आणि थेट ऊन चौकटीबाहेर ठेवून, एका भिंतीवरून दुसरीवर परावर्तित होत खाली उतरलेल्या प्रकाशात तो काम करतो. तांबड्या वालुकाश्मावरून उसळलेला हा प्रकाश अधिकाधिक तांबूस होत जातो, आकाशाला सामोऱ्या सावल्या निळसर राहतात आणि एकूण फरक स्लाइडच्या आवाक्यात येतो. अमेरिकी छायाचित्रकार एलियट पोर्टर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वीच्या ग्लेन कॅन्यनची (कोलोरॅडो नदीवरच्या घळींची) ४×५ कॅमेऱ्याने घेतलेली रंगीत छायाचित्रे याच प्रकाशावर उभी आहेत. ऊन आणि सावली दोन्ही हवे असतील तेव्हा रंगीत निगेटिव्ह वापरावी. स्पॉट मीटरने, म्हणजे दृश्यातल्या छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या साधनाने, सावली मोजून एक्स्पोजर दिले की उजळ भाग तिच्यात एकदम न तुटता हळूहळू दाटत जातात. कृष्णधवल फिल्मची सोय याहून मोठी आहे, कारण प्रत्येक शीट स्वतंत्रपणे डेव्हलप होते आणि ज्या दृश्यात फरक जास्त आहे त्या एकाच शीटचा डेव्हलपिंगचा वेळ कमी करता येतो. रोल फिल्मवर हे स्वातंत्र्य सहसा मिळत नाही.

चित्रे जोडण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी त्यातले खरे मान्य करतो. दूरवरचा, स्थिर उजेडातला कडा असेल, तर जोडलेले डिजिटल चित्र छापील प्रतीत कुठेही कमी पडणार नाही, आणि नुसत्या तपशिलाच्या बाबतीत आजचे १०० मेगापिक्सेलचे कॅमेरे ४×५च्या रंगीत फिल्मची बरोबरी सहज करतात. पण अरुंद घळीत वाळूचा तळ कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर असतो आणि मागचे वळण वीस-पंचवीस मीटरवर. हे सारे स्पष्ट हवे आणि प्रकाशभेदही सांभाळायचा, म्हणून सहा चौकटी, प्रत्येकीत फोकसचे पाच टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला तीन एक्स्पोजर धरले, तर ९० चित्रे होतात. प्रत्येकी सरासरी दहा सेकंद धरले, तरी नुसत्या एक्स्पोजरलाच १५ मिनिटे लागतात. परावर्तित ऊन तेवढा वेळ जागेवर थांबत नाही. कॅमेरा योग्य बिंदूभोवती फिरला नाही, तर जवळच्या दगडांचे सांधेही जुळत नाहीत.

शीट फिल्मच्या या मोठ्या कॅमेऱ्यात, म्हणजे व्ह्यू कॅमेऱ्यात, भिंगाची पाटी पुढे झुकवता येते. फिल्म, भिंग आणि फोकसचे प्रतल एकाच रेषेत मिळतात, हा थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या १९०४च्या पेटंटमुळे ओळखला जाणारा नियम इथे कामी येतो : पायाजवळच्या वाळूपासून दूरच्या वळणापर्यंतचा तळ एकाच एक्स्पोजरमध्ये स्पष्ट उतरतो. मात्र झुकवण्याने सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या असतात आणि फोकसचे प्रतल एकच असते, त्यामुळे तळ साधावा की एखादी भिंत, हे ठरवून उरलेले काम एफ/३२ किंवा एफ/४५ अशा बारीक छिद्रावर सोपवावे लागते. डिजिटल कॅमेऱ्यासाठी झुकणारी भिंगे आहेत, पण मोजक्याच फोकल लांबींत. इथे मात्र ती सोय कॅमेऱ्यातच असल्याने फिल्मपेक्षा पुरेसे मोठे प्रतिबिंब पाडणाऱ्या कोणत्याही भिंगाला मिळते.

लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनक्षमता घटते, हे खरे असले तरी ही घट आधी मोजलेली असते. प्रोव्हिया १००एफ या स्लाइड फिल्मला उत्पादकाच्या माहितीनुसार १२८ सेकंदांपर्यंत एक्स्पोजर वाढवावे लागत नाही. एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मला मीटरने ३० सेकंद दाखवले, तर सुमारे ७३ सेकंद द्यावे लागतात. वेल्व्हिया ५० ही स्लाइड फिल्म मात्र मिनिटभराच्या एक्स्पोजरला वापरू नये, असे तिचा उत्पादकच सांगतो. तेव्हा प्रश्न फिल्म निवडण्याचा आहे.

उष्णतेचे भय बंद मोटारीपुरते रास्त आहे. घळीच्या सावलीत, पिशवीच्या मधोमध ठेवलेल्या फिल्मला काही दिवसांत धोका नसतो. उलट डिजिटल सेन्सरचा नॉइज तापमानाबरोबर वाढतो. खरा शत्रू धूळ आहे. कडेवरून झरणारी बारीक वाळू होल्डरमध्ये (शीट ठेवण्याच्या चपट्या डबीत) शिरली, की ती शीट हातची गेली. विधान करणाऱ्यांनी तिचा उल्लेखही केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

ओझ्याबद्दल एवढेच सांगतो की लाकडी फील्ड कॅमेरा दीड-दोन किलोंचा असू शकतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. वाळवंटात माणशी रोज चार लिटरच्या आसपास पाणी धरावे लागते. कित्येक दिवसांच्या वाटेवर पाठीवरचा मोठा भार त्याचाच असतो, मग कॅमेरा कुठलाही असो.

राहिला हौसेचा आरोप. १८८९-९० मध्ये रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन यांच्या रेल्वे-पाहणी पथकाने ग्रँड कॅन्यनमध्ये मोठ्या निगेटिव्हवर शेकडो दृश्ये टिपली. शतकभरानंतर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे रॉबर्ट वेब यांनी त्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा जुन्या चित्रांतली काही झुडपे अजून जिवंत असल्याचे एकेक रोप ओळखून दाखवता आले. मोठ्या निगेटिव्हमध्ये साठलेल्या तपशिलाचा हा उपयोग ज्याला ठाऊक आहे, त्याने तरी या कामाला हौस म्हणू नये.