किल्ली हातात, इंजिन चालू

आमच्याकडे 1972 सालचा महिंद्रा एफसी ट्रक आहे. याला नाक नाही. इंजिन ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध झाकणाखाली असतं, त्यामुळे मे महिन्यात इंदूरमध्ये बाहेर 42 अंश असताना आत डाव्या पोटरीला फुकटात शेक मिळतो. मूळ इंजिनानं राम म्हटल्यावर मी त्यात अँबॅसडरचं इसुझू 1800 बसवलं. बसलं, पण पाण्याच्या पंपाचं टोक रेडिएटरपासून दोन बोटांवर आलं आणि पट्ट्यावरचा पंखा काढावा लागला. मग भंगारातून छोट्या मोटारींचे दोन इलेक्ट्रिक पंखे आणले आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूनं आवळले. "दोन वायरी तर जोडायच्या," असं मी बायकोला म्हणालो. ते वाक्य तिनं जपून ठेवलंय.

महाराणी रोडवरून वायर, फ्यूज आणि एक रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, आणला. रिलेच्या पायांवर आकडे असतात: 30, 85, 86, 87. एक-दोन-तीन-चार म्हणायला काय झालं होतं? जर्मन प्रमाणातले आकडे म्हणे. 85-86 मध्ये इवलासा प्रवाह गेला की 30 आणि 87 एकमेकांना भेटतात आणि पंख्याला मोठा प्रवाह मिळतो. हुकूम सुटतो थर्मोस्विचकडून: पाणी 92 अंशांवर गेलं की पंखे चालू, 87 ला आलं की बंद.

पंखे फिरले. मी पोह्यांवर जास्तीचा जीरावन मसाला घालून घेतला.

गंमत पुढे. चौराह्यावर उभं असताना तापमानाचा काटा शहाण्यासारखा मधे. महूच्या रस्त्याला लागून जरा पळवली की काटा वर! जगातल्या सगळ्या गाड्या ट्राफिकमध्ये तापतात, आमची वाऱ्यात तापते. नवलख्याचे मेकॅनिक उस्ताद न बघताच म्हणाले, "भिया, अर्थ कां से लिया?" कोणत्याही दुखण्यावर त्यांचा हा पहिला प्रश्न. अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची परतीची वायर, मी रंगावरच स्क्रू पिळून घेतला होता. त्यांनी तिथला रंग कानशीनं खरवडून लखलखीत पत्रा काढला, वायर आवळली. पंखे दुप्पट जोरात फिरू लागले आणि गाडी दुप्पट तापू लागली.

तेव्हा त्यांनी 'नईदुनिया' पेपरचं एक पान जाळीसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. उडालं, आणि थेट माझ्या तोंडावर येऊन बसलं. हे पंखे मुळात रेडिएटरमागे बसून हवा ओढणारे. मी पुढे लावल्यानं ते आतली गरम हवा पुढे फेकत होते. गाडी पळायला लागली की समोरचा वारा आणि माझे पंखे यांची कुस्ती, आणि मधल्या मध्ये रेडिएटर गुदमरलेला. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. पान चिकटलं.

त्याच संध्याकाळी मंडळींना घेऊन छप्पनला, म्हणजे छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत, निघालो. पलासियाच्या सिग्नलला किल्ली फिरवली, काढली, हातात धरली. इंजिन चालूच. किल्लीकडे पाहिलं, इंजिनाच्या झाकणाकडे पाहिलं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "कुणी लिंबू-मिरची काढली का रे?" तीन-चार सेकंदांनी ते आपल्या मर्जीनं थांबलं, तोवर सिग्नल हिरवा झाला होता.

भूतबाधा नव्हती, 30 नंबरला मी वीज बॅटरीऐवजी इग्निशनच्या वायरीतून घेतली होती, कारण ती जवळ होती. किल्ली काढल्यावरही पंखा स्वतःच्या गतीनं फिरत राहतो, आणि फिरती मोटर म्हणजे छोटा डायनामोच. ती वीज उलटी वाहत जाऊन रिलेलाही जागं ठेवत होती आणि इंजिनाला ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइललाही. उस्तादांनी बॅटरीपासून 30 अँपिअरचा फ्यूज घालून वेगळी वायर ओढली, थर्मोस्विचसुद्धा त्याच वायरीवर घेतला आणि मला "इंजिनियर साब" म्हणाले. इंदूरमध्ये ही शिवी आहे.

आता किल्ली काढली की इंजिन मुकाट्यानं थांबतं. पंखे मात्र पाणी 87 ला येईपर्यंत दोन-चार मिनिटं भणभणत राहतात, आणि ते तसंच हवं. पण हे समोरच्या काकांना कोण सांगणार? ते रोज गॅलरीतून ओरडतात, "अरे, गाडी चालू राहिली तुझी!" परवा मी घरात नव्हतो. काकांनी खाली येऊन शेजारधर्म म्हणून बॅटरीची वायरच काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून अकरापर्यंत मी अर्थ शोधत होतो.