तालीम आहे, पण सगळ्यांची नाही

फुटबॉल समर्थकांना जमायला, जल्लोष करायला हक्काचा क्लब हवा, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं पटलं. पण आमच्या कोल्हापुरात हे काम तालमी, म्हणजे पेठेपेठेतले आखाडे आणि त्यांची मंडळं, कधीपासून करतायत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नुसती संघांची नावं नव्हेत, पेठांतल्या तालमी आहेत त्या. शाहू स्टेडियमवर मॅच मारली की गुलाल उधळायचा तो तालमीच्या दारातच.

घोडं अडतं ते इथंच. तालीम पडली पेठेची. मंगळवार पेठेतला गडी शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर बसून मॅचची चर्चा करेल? नाव काढू नका! आणि बायका-पोरींनी कुठं बसायचं? माझी भाची अनिकेत जाधवची फॅन. आपला कोल्हापूरचा पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपला भारताकडून खेळलेला. ती मॅच बघते घरात, मोबाईलवर.

वर्ल्डकप आला की चौकाचौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे राहतात, तेही एकमेकांच्या ईर्षेनं. त्याच वर्गणीत एक हॉल, मोठा पडदा, शंभर खुर्च्या आणि चहाची किटली सहज बसेल. फक्त जागा कुठल्याच पेठेत नको, नाहीतर पहिलं भांडण नावावरूनच!