उडव रे, उडव!

सकाळी दूध तापत ठेवलं आणि सवयीने सोसायटीचा ग्रुप उघडला. तिथेच चूक झाली.

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी टाकून आमच्या बिल्डिंगमधली तीन कुटुंबं कोकणात गेली होती. त्यांचा व्हिडिओ. वाळूत एक काळपट तपकिरी पक्षी बसलाय, कावळ्याहून थोडा लांबट. भोवती कोंडाळं. एकाने त्याला पंखाला धरून उचललं आणि वर भिरकावलं. मागून आवाज, "उडव रे, उडव!" पक्षी धप्पकन लाटेत. हशा. खाली लिहिलंय, "आळशी समुद्री कावळा." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. इकडे दूध उतू गेलं.

मी दोन ओळी लिहिल्या. की बाबांनो, तो कावळा नाही, शिअरवॉटर नावाचा समुद्रपक्षी आहे, आणि तो आळशी नाही, मरायला टेकलाय. उत्तर आलं, "ताई, हा ग्रुप टँकरच्या हिशोबासाठी आहे." दुसरं त्याहून भारी. "आपल्या गंगेला भरती यायला लागली का? नाशकात बसून समुद्राची काळजी कशाला?" (गंगा म्हणजे आमची गोदावरी.)

म्हणून इथे लिहितेय. इथे तरी टँकर नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी उकरून काढायला नको. हे मीही केलंय. सात-आठ वर्षं झाली. दापोलीजवळच्या मुरूडला, भर पावसात. किनाऱ्यावर असाच एक बसला होता. मी भूतदयेचा पुतळा. त्याला ओढणीत गुंडाळलं, गुडघाभर पाण्यात गेले आणि समुद्राचा पक्षी समुद्रात सोडला. लाटेने तो परत आणला. मी पुन्हा सोडला. पुन्हा आणला.

तर, आळशी. ही शिअरवॉटर आणि त्यांच्या भावकीतली पेट्रेल मंडळी जमिनीवर येतात ती फक्त अंडं घालायला नि पिल्लं वाढवायला. बाकी सगळं आयुष्य खुल्या समुद्रावर. पाय शरीराच्या पार मागे, पोहायला नि बुडी मारायला उत्तम, चालायला जवळपास बिनकामाचे. वाळूत तो 'बसत' नाही, त्याला धड उभंच राहता येत नाही! सपाट जागेवरून उडणंही महामुश्कील. त्याला वारा लागतो. ताठ पंखांनी लाटेला इतका घासून जातो की पंखाच्या टोकाने पाणी कातरल्यासारखं दिसतं, म्हणून तर नाव शिअरवॉटर. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की उपाशी, दमलेले पक्षी किनाऱ्याला फेकले जातात. आणि आपण त्यांना काय म्हणतो? उडव.

त्याच मोसमात आपल्या समुद्रावर विल्सनचं वादळी पाखरू (विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल) येतं. वजन चाळीस-एक ग्रॅम. बुलबुलाएवढा जीव! अंटार्क्टिकाच्या बाजूला पिल्लं वाढवायची, तिथे हिवाळा लागला की निघायचं आणि आपल्या मान्सूनात हजर व्हायचं. पाय लोंबते सोडून लाटांवर असं ठुमकत खातं की वाटावं पाण्यावरून चालतंय. आमचे लोक गंगापूर रोडवरून नाशिक रोडला जायचं तर दोनदा विचार करतात.

आणि घराची ओढ म्हणाल तर १९५२ साली वेल्सच्या एका बेटावरचा मँक्स शिअरवॉटर विमानाने अमेरिकेत बोस्टनला नेऊन सोडला. अख्खा अटलांटिक मध्ये. गडी साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परत. "पक्षी सोडला" हे कळवणारं पत्र त्याच्यानंतर पोचलं. वर्षाला अंडं एकच, तेही गेलं की त्या वर्षाचं संपलं. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत तर जोडाही बांधत नाही. पायात कडं घातलेला एक पन्नास वर्षांनी पुन्हा हाती लागलाय. तुमच्या व्हिडिओतला पक्षी तुमच्याहून वयाने मोठा असेल, साहेब. नमस्कार करायचा सोडून भिरकावताय!

मान्य, मुलांना माहीत नव्हतं. मोठ्यांनाही नव्हतं. मलाही नव्हतंच की.

मुरूडच्या त्या पक्ष्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. चोचीच्या वर एक बारकी नळी बसवल्यासारखी होती. मला वाटलं काहीतरी अडकलंय, मी नखाने काढायला गेले. काढायला! तर ते त्याचं नाक. ही मंडळी खारं पाणी पितात, डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात त्या मीठ गाळतात आणि ते खारट पाणी नाकातून गळतं. त्याच नाकाने कित्येक मैलांवरून खाण्याचा वास घेतात. आता गंमत बघा. ज्या गावाचं नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडलं असं आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो, त्या गावच्या लोकांना चोचीवर नाक असलेला पक्षी दिसतो आणि ते म्हणतात कावळा.

बरं, कावळाच म्हणा. कावळ्याला तरी आपण कसं वागवतो? रामकुंडावर पिंडाला शिवला नाही तर अख्खं खानदान हात जोडून तासभर उभं. "आण्णा, सगळं नीट होईल, शिवा आता." तेव्हा कोणी भिरकावतं का?

आता ते "नाशकात बसून". गंगा उलटी, पूर्वेला जाते आणि आपल्या पिशव्या बहुतेक जायकवाडीच्या पुढे जात नसतील, हे मान्य. पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरात वैतरणाही उगम पावते आणि ती सरळ अरबी समुद्राला मिळते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी झाली की दुसऱ्या दिवशी जाऊन बघा वाटेवर काय पडलेलं असतं. समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर शेवाळं धरतं आणि त्याला ह्या पक्ष्यांच्या जेवणासारखाच वास येतो. ते ज्या नाकाच्या जिवावर जगतात, तेच नाक त्यांना प्लास्टिक खायला घालतं. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावर पिल्लांच्या पोटातून मूठमूठभर तुकडे निघतात, आईबापांनी भरवलेले. मी दर वर्षी फेरीला जाते, बाटलीही नेते, त्यामुळे फार बोलत नाही.

बरं, कोणाला खरंच असा पक्षी दिसला तर पाण्यात टाकू नका, हवेत उडवू नका, तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. भोकं पाडलेला कोरडा खोका, खाली जुना टॉवेल, वर अंधार, शांतता. आणि वनखात्याचा १९२६ नंबर. ओढणीत घेणार असाल तर जुनी घ्या. घाबरला की पोटातलं तेल ओकतो. माझ्या ओढणीचा तो उग्र, मासळी-कस्तुरी असला काहीतरी वास चार धुण्यांनीही गेला नाही. अजून आहे कपाटात. टाकवत नाही.

(थांबा, बेल वाजतेय.)

आले. दुसऱ्या मजल्यावरचा आठ वर्षांचा पोरगा होता. व्हिडिओत पुढे उभा आहे ना, तोच. आईने डबा परत द्यायला पाठवला होता. डबा दिला आणि हलेचना. म्हणाला, "काकू, त्याच्या चोचीवर पाइप कशाला होता?"

तीन कुटुंबं, पाच मोबाइल, आणि नाक दिसलं ते ह्याला.

दारातच बसलो दोघं. नाक सांगितलं, मीठ सांगितलं, बोस्टनचं पत्र सांगितलं, ते त्याला फारच आवडलं. मग ओढणी दाखवली. त्याने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मुरूडचंही सांगितलं. दोनदा लाटेने परत आणून दिला, तिसऱ्यांदा मी जरा आत जाऊन सोडला, मग तो परत आला नाही. पोहत गेला असं वाटून मी टाळ्या वाजवल्या.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचा दुसऱ्यांदाच नाही आला."