उन्हाळ्यात दूध घटते ते केवळ कमी खाल्ल्यामुळे नव्हे

उन्हाळा लागला की पशुपालकांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: उन्हात गाय कमी खाते म्हणून दूध कमी देते, तेव्हा चारा कमी करून खुराक (धान्य-पेंडीचा आहार) वाढवावा, गोठ्यावर सावली करावी, आणि ऊन उतरले की सारे पूर्ववत होते. यातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते सहज पटते.

पहिले विधान कमी खाण्याचे. कोठीपोटात (गायीच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) चारा आंबताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे उष्णतेच्या ताणाखालची गाय आहार घटवते, हे निर्विवाद आहे. पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी गार वातावरणातल्या गायींना मुद्दाम तेवढाच आहार दिला, जेवढा उष्णतेतल्या गायी खात होत्या. दूध दोन्ही गटांत घटले, परंतु उष्णतेतल्या गायींच्या घटीपैकी केवळ एक तृतीयांशाच्या आसपास भाग कमी खाण्याने स्पष्ट होत होता. एरवी उपाशी राहणारी दुभती गाय अंगावरची चरबी वापरायला काढते आणि रक्तातली साखर कासेसाठी राखून ठेवते, कारण त्या साखरेपासून दुग्धशर्करा बनते आणि दुग्धशर्करेवर दुधाचे आकारमान ठरते. उष्णतेच्या ताणात हीच तडजोड बिघडते: इन्सुलिन अपेक्षेप्रमाणे उतरत नाही, चरबी सुटत नाही, आणि शरीरातले इतर अवयव साखर वापरू लागतात. शिवाय उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, आतड्याला ते कमी पडते, आतड्याचे अस्तर सैल होऊन जिवाणूंची विषद्रव्ये आत झिरपतात आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशीही साखरच खातात. गव्हाण भरून ही गळती थांबत नाही.

खुराक वाढवण्याचा सल्ला तर उलट अंगावर येऊ शकतो. श्वासाची गती मिनिटाला साठच्या वर गेली की गाय ताणाखाली आहे असे समजावे. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त प्रमाणात बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते, आणि तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) बाहेर टाकतात. त्यातच रवंथ मंदावतो आणि जी लाळ कोठीपोटातले आम्ल शमवायची, ती तोंडातून गळून जाते. म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता सर्वांत कमी असते नेमक्या त्याच वेळी धान्य वाढवले जाते. परिणामी आम्लता वाढते, दुधातले स्निग्धांश उतरतात आणि पुढे खुरांचे दुखणेही मागे लागू शकते. चाऱ्याचे प्रमाण उतरवण्यापेक्षा त्याची प्रत सुधारणे आणि तो गार वेळी घालणे अधिक शहाणपणाचे. गायीच्या घामातून मुख्यतः पोटॅशियम जाते, हेही खनिज मिश्रण ठरवताना ध्यानात असावे.

सावलीबद्दल थोडक्यात. ती सूर्याचा थेट मारा अडवते, हवा गार करत नाही. जास्त दूध देणाऱ्या गायींसाठी ताणाची सुरुवात तापमान-आर्द्रता निर्देशांक 68 पासून मानली जाते, आणि 22 अंश सेल्सिअस तापमानाला 50 टक्के आर्द्रता असली तरी तो गाठला जातो. माणसाला ही हवा सुखद वाटते. बंदिस्त गोठ्यात पंख्याविना नुसते फवारे सोडले तर दमटपणा वाढून घाम वाळेनासा होतो.

राहिला पूर्ववत होण्याचा मुद्दा. उष्णतेने बीजांडाची हानी वाढीच्या आरंभीच्या टप्प्यातच होऊ शकते, म्हणून ऊन सरल्यानंतरही काही आठवडे गायी माजावर येऊनही गाभण राहत नाहीत. वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे वीर्याची प्रतही उशिरानेच सुधारते. सर्वांत दुर्लक्षित आहे ती भाकड गाय, म्हणजे विण्यापूर्वी दूध आटवलेली गाभण गाय, कारण तिचे दूध मोजलेच जात नसल्याने या सल्ल्यात तिला जागाच नाही. भाकड काळातल्या उष्णतेने कासेतल्या पेशींची वाढ खुंटते आणि पुढच्या वेताचे दूध घटते. पोटातले वासरू कमी वजनाचे जन्मते, चिकातली प्रतिकारद्रव्ये त्याला नीट शोषता येत नाहीत, आणि ती कालवड पुढे स्वतः व्यायली तरी तिचे दूध गारव्यात वाढलेल्या कालवडींपेक्षा कमी भरल्याचे आढळले आहे.